चित्रकार व्हायला निघालेला माणूस सायकलचा मेकॅनिक झाला आणि माळरानावर कारखाना उभा राहिला

सध्या रील्सवर एक प्रकार जोरात चालतोय. अडगळीत पडलेलं जुनं वॉशिंग मशीन किंवा ड्रायर बाहेर काढायचा, नट-बोल्ट सोडवायचे, गंज घासायचा, बेल्ट नवा टाकायचा आणि शेवटी स्विच ऑन. मशीन फिरलं की खाली कमेंटचा पाऊस.

परदेशात तर हा मोठा छंद आहे. तिकडे शंभर वर्षांपूर्वीची मशीनं लोक घरच्या गॅरेजमध्ये चालू करतात.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडं कुठं असलं काय असतंय? तर सोलापूरवरून तुळजापूरला जाताना तामलवाडी लागतं. या पट्ट्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. विहिरीवरची मोटर जळाली की ती कुणी फेकून देत नाही. ती उपसायची, रिवायंडिंगला टाकायची, बेअरिंग बदलायची आणि परत विहिरीवर बसवायची. हाच उद्योग आपण पिढ्यानपिढ्या करतोय, फक्त त्याचं रील केलं नाही.

पण मशीन उघडायला घाबरायचं नाही, ते माणसानंच केलंय म्हणजे माणसाला ते दुरुस्तही करता येणार, हा विश्वास मराठी माणसाला आला कुठून?

याचं उत्तर शोधायला गेलं की एक नाव हमखास समोर येतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर.

आज किर्लोस्कर म्हटलं की पंप, इंजिन आणि मोठी कंपनी आठवते. पण या सगळ्याची सुरुवात झाली ती सायकली विकण्या-दुरुस्त करण्याच्या एका लहानशा दुकानातून. आणि त्याआधी तर लक्ष्मणरावांना मशीन नाही, चित्रं काढायची होती.

रंग ओळखता आले नाहीत आणि रस्ता बदलला

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा. गाव गुर्लहोसूर, जिल्हा बेळगाव. संगीत शाकुंतल रंगमंचावर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच घराण्यातले. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. म्हणजे घरात पोथ्या होत्या, नाटकाचं वारं होतं, पण हातोडी-पान्याशी कुणाचा संबंध नव्हता.

लक्ष्मणरावांचं शाळेत फारसं मन रमलं नाही. हात मात्र कायम काहीतरी करत असायचे. चित्रकला चांगली होती, म्हणून १८८५ च्या सुमारास ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तिथं दोन वर्षं गेली आणि एक गोष्ट लक्षात आली. त्यांना काही रंगांमधला फरकच कळत नव्हता. आज आपण याला रंगांधळेपणा म्हणतो.

चित्रकार व्हायचं म्हणून घरापासून एवढ्या लांब आलेल्या पोरासाठी हा केवढा मोठा धक्का असेल विचार करा. रंगच दिसत नसतील तर पुढं करायचं काय?

लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडल्या नाहीत. ते यंत्रांची रेखाचित्रं काढायला शिकले. यात रंग लागत नाही. लागतं ते माप आणि अचूकपणा. कुठला भाग कुठं बसतो, तो फिरला की पुढचा भाग कसा हलतो, हे डोळ्यांपुढं उभं करता आलं पाहिजे.

याच कौशल्यावर त्यांना व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. म्हणजे आजचं मुंबईचं व्हीजेटीआय. इथं पहिल्यांदा त्यांना खरी यंत्रं हाताळायला मिळाली. शिकवून झालं की ते वर्कशॉपमध्ये असायचे. इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, पण जे वाचायचं ते करून बघायचं अशी सवय लागली.

सायकल विकायची, शिकवायची आणि दुरुस्तही करायची

त्या काळात सायकल ही आजच्या महागड्या गाडीसारखी गोष्ट होती. रस्त्यावर दिसली की लोक वळून बघायचे.

लक्ष्मणरावांनी यातला धंदा ओळखला. थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात होते. दोघा भावांनी मिळून १८८८ मध्ये सायकलचं काम सुरू केलं. लक्ष्मणराव मुंबईतून सायकली घेऊन पाठवायचे आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकायचे. एका सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये. वर सायकल चालवायला शिकवायचे पंधरा रुपये वेगळे.

पण सायकल विकली म्हणजे काम संपलं असं नव्हतं. चेन निसटणार, बेअरिंग झिजणार, चाक वाकडं होणार. गावात दुसरा कुणी दुरुस्त करणारा नाही. मग विकणाऱ्यालाच ती उघडावी लागणार.

यंत्र उघडल्याशिवाय कळत नाही. आणि एकदा उघडून परत जोडलं की मग ते परकं राहत नाही.

इकडं मुंबईत मात्र एक प्रकार घडला. संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांचा हक्क डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. गुणवत्ता असूनही आपण इथं वर जाणार नाही, हे त्यांना कळलं.

पक्की सरकारमान्य नोकरी सोडायची आणि बेळगावात जाऊन हात काळे करायचे. त्या काळातल्या शिकलेल्या पांढरपेशा घरात हे पटणारं नव्हतंच. हातानं काम करणं कमीपणाचं समजलं जायचं. लोहारकाम, सुतारकाम हे ठराविक जातींनी करायचं, बाकीच्यांनी कारकुनी करायची, अशी वाटणी झालेली होती.

लक्ष्मणरावांनी ही वाटणी मानली नाही. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. जिथं त्यांचं दुकान होतं त्या भागातल्या रस्त्याला आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.

दोन वर्षं एकही नांगर विकला गेला नाही

बेळगावात त्यांनी सायकलच्या जोडीला शेतीच्या अवजारांकडं मोर्चा वळवला. पहिलं यशस्वी यंत्र होतं कडबा कापायचं.

गुरांना अख्खा कडबा टाकला की ती पानं खातात आणि जाड बुडखे तुडवतात. बारीक कुट्टी करून टाकली तर वाया कमी जातो. दुष्काळी भागात हा फरक फार मोठा असतो. विलायती यंत्रं होती, पण महाग आणि बिघडली तर दुरुस्त कोण करणार? लक्ष्मणरावांनी अशी यंत्रं अभ्यासली आणि इथल्या कडब्याला, इथल्या माणसाला झेपेल असं यंत्र केलं.

मग आला नांगर.

१९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. काळ्या रानात हरळी आणि कुंदा एकदा माजला की लाकडी नांगर वरवर ओरखडे काढतो, मुळापर्यंत जात नाही. लोखंडी नांगर खोल जातो आणि माती पलटी करतो. कागदावर सगळं बरोबर होतं.

पण घेणारं कुणी नव्हतं.

लोखंडानं जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांमध्ये होती. तयार नांगर दुकानात पडून होते. एक-दोन महिने नाही, पहिला नांगर विकायला तब्बल दोन वर्षं लागली.

इथं शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्याच्या बाजूनं बघा. वर्षातून एकदाच पेरणी. एक हंगाम चुकला तर वर्षभर घर उपाशी. अशा माणसानं कुणा बेळगावच्या मास्तरावर विश्वास ठेवून जमिनीत नवं लोखंड का घालावं? लक्ष्मणरावांना हे उमगलं. त्यामुळं वाद घालण्यापेक्षा नांगर चालवून दाखवणं, तक्रार आली की भाग सुधारणं, हा मार्ग त्यांनी धरला.

यातच किर्लोस्कर नावाचं पुढचं सगळं यश दडलंय. वस्तू विकून हात झटकायचे नाहीत. लोखंडी नांगराचा फाळ झिजणारच. तो बदलून देता आला, तरच शेतकरी पुन्हा दारात येणार.

इकडं नांगर, तिकडं वॉशिंग मशीन

गंमत बघा. साधारण याच काळात, हजारो मैल लांब अमेरिकेतल्या आयोवा राज्यात न्यूटन नावाच्या गावी फ्रेडरिक मेटॅग नावाचा एक उद्योजक होता. त्याचा धंदाही शेतीच्या यंत्रांचाच. मळणी यंत्राला लागणारी अवजारं तो बनवायचा.

पण शेतीच्या यंत्रांची एक अडचण असते. हंगाम संपला की गिऱ्हाईक गायब. कारखाना आणि कामगार मात्र बारा महिने पोसावे लागतात. मग रिकाम्या महिन्यांत काय बनवायचं? मेटॅगनं १९०७ मध्ये हातानं फिरवायचं लाकडी टबाचं कपडे धुण्याचं यंत्र बाजारात आणलं. पुढं हा जोडधंदाच मुख्य धंदा झाला. आज रील्समध्ये जी जुनी मशीनं लोक जिवंत करताना दिसतात, त्यात मेटॅगची मशीनं ठरलेली असतात.

एकाच्या हातून वॉशिंग मशीन घडलं, दुसऱ्याच्या हातून नांगर आणि पंप. पण दोघांच्या यंत्रांची भाषा एकच. चाक, दांडा, गिअर, बेअरिंग.

आपल्या घरातलं जुनं सेमी-ऑटोमॅटिक मशीन मागून उघडून बघा. धुण्याच्या बाजूला मोटर, तिच्यापासून पुलीकडं जाणारा बेल्ट, पुलीच्या वर कपडे घुसळणारी चकती. सुकवण्याच्या बाजूला वेगळी मोटर, तिच्यावर सरळ बसवलेलं भांडं आणि झाकण उघडलं की लागणारा ब्रेक. मोटर नुसती गुणगुणते पण फिरत नाही, तर बऱ्याचदा कपॅसिटर कमजोर झालेला असतो. मोटर फिरते पण चकती फिरत नाही, तर बेल्ट सैल झालेला किंवा तुटलेला असतो. खालून पाणी गळतंय आणि फिरताना खरखर होते, तर सील गेलंय आणि पाणी बेअरिंगमध्ये शिरलंय.

हे सगळे भाग बदलता येतात. फक्त आधी प्लग काढायचा. आणि प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठलेली राहते, म्हणून माहीत नसेल तर त्याला हात लावायचा नाही, ते काम जाणकाराकडंच द्यायचं.

बेळगावातून बिऱ्हाड हललं

नांगर विकायला लागले, कारखान्यानं बाळसं धरलं आणि नेमकं तेव्हाच नवं संकट आलं. शहराची वाढ करायची म्हणून बेळगाव नगरपालिकेनं त्यांना जागा खाली करायला सांगितली.

यंत्रं आहेत, माणसं आहेत, पण पायाखालची जमीनच गेली.

त्या वेळी लक्ष्मणराव औंधच्या देवीच्या मंदिरात सभामंडपाचं काम करत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि माणसाची पारख असलेले होते. त्यांना ही अडचण कळली. त्यांनी आपल्या संस्थानातली कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची जागा आणि भांडवलासाठी कर्ज देऊ केलं.

जागा म्हणजे काय तर ३२ एकरांचं माळरान. निवडुंगाचं रान, साप आणि पाण्याची बोंब.

१९१० मध्ये बेळगावचं बिऱ्हाड इथं येऊन पडलं. पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं. आधी निवडुंग तोडला, मग शेड उभ्या केल्या. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाईंनी या सगळ्या माणसांच्या खाण्यापिण्याची बाजू सांभाळली. कारखान्याच्या इतिहासात यंत्रांची नावं येतात, पण पहिल्या दिवसांत तिथली चूल पेटली नसती तर भट्टीही पेटली नसती.

याच माळाची पुढं किर्लोस्करवाडी झाली. आज ती सांगली जिल्ह्यात येते आणि रेल्वे स्टेशनलाही तेच नाव आहे.

सोबतची माणसंही बघण्यासारखी होती. रामूअण्णा वसाहतीचा कारभार बघायचे. शंभुराव जांभेकर यंत्रं सांभाळायचे, मंगेशराव रेगे हिशेब. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण पुढं कल्पक इंजिनिअर म्हणून नावारूपाला आले. रात्रीच्या पहाऱ्याला तर दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली होती. ज्यांना गावात कुणी उभं करत नव्हतं, त्यांच्या हाती लक्ष्मणरावांनी कारखान्याची राखण दिली. वसाहतीत शिवाशीव पाळायला त्यांनी बंदी घातली होती.

जुनी यंत्रं दुरुस्त होऊ शकतात तशी माणसंही उभी राहू शकतात, असं म्हणायला सोपं आहे. यांनी ते करून बघितलं.

गडावरच्या तोफा आणि शेतातले नांगर

१९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं. परदेशी माल येणं आटलं. याचा एक फायदा झाला, विलायती नांगरांची स्पर्धा कमी झाली आणि देशी नांगराला मागणी वाढली. पण तोटा मोठा होता. नांगर ओतायला लोखंड हवं, भट्टीला कोळसा हवा आणि दोन्हीचा तुटवडा. मागणी दारात आणि कच्चा माल नाही, असा पेच झाला.

लक्ष्मणरावांची नजर मग भंगारावर गेली.

कोल्हापूर संस्थानातल्या गडांवर जुन्या लोखंडी तोफा पडून होत्या. त्यांचा लढाईला काही उपयोग उरला नव्हता. राजर्षी शाहू महाराजांनी त्या तोफा किर्लोस्करांना द्यायला मान्यता दिली. तोफा भट्टीत गेल्या आणि नांगर होऊन बाहेर पडल्या.

आता जुनी वस्तू वितळवणं बरोबर का जपणं बरोबर, यावर आज वाद होऊ शकतो. पण त्या वेळी कामगारांचे पगार आणि शेतकऱ्यांची नांगरट अडून पडली होती. शाहू महाराज स्वतः शेती आणि उद्योगाला बळ देणारे राजे. त्यांनी गंजत पडलेल्या तोफेपेक्षा चालत्या नांगराला महत्त्व दिलं.

युद्ध संपलं तेव्हा किर्लोस्करवाडी तगली होती. जानेवारी १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे मासिक सुरू केलं. सुरुवातीला कारखान्याची माहिती देणारं हे पत्रक पुढं किर्लोस्कर या नावानं मराठीतलं महत्त्वाचं मासिक झालं. पाठोपाठ स्त्री आणि मनोहर आली. माळरानावरून नांगर निघत होते आणि विचारही निघत होते.

१९२६ च्या सुमारास कारखान्यानं पाणी उपसणारा सेंट्रीफ्युगल पंप आणि डिझेल इंजिन तयार केलं. त्याच वर्षी सोलापुरात जन्मलेले त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकून बाहेर पडले. बापाकडं पदवी नव्हती, मुलाकडं जगातली नामांकित पदवी होती. पण मुलगाही परतला तो थेट याच माळावर.

म्हातारपणी पुन्हा राखेतून

लक्ष्मणरावांच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण प्रसंग मात्र शेवटी आला.

३० जानेवारी १९४८ ला महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण होता म्हणून पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं, दुकानं जाळली गेली. या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. जमावानं तो पेटवून दिला.

लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. शिवाशीव न पाळणारी, शिक्षा भोगलेल्यांना सामावून घेणारी वसाहत जातीच्या नावावर जाळली गेली. अडतीस वर्षांची मेहनत होती ती.

या वयात माणूस सगळं सोडून निघून गेला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण किर्लोस्करवाडी बंद पडली नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि चालू झाला. आजही तिथं पंप बनतात.

तोवर बाकीचा पसाराही वाढला होता. हरिहरला म्हैसूर किर्लोस्करमध्ये लेथ मशीन बनत होत्या. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळुरूला किर्लोस्कर इलेक्ट्रिक सुरू झाली होती. म्हणजे लेथ, इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर. कुठलंही यंत्र बनवायचं किंवा दुरुस्त करायचं तर ज्या तीन गोष्टी लागतात त्या तिन्ही.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, भारत सरकारनं त्यांच्या नावानं टपाल तिकीट काढलं.

मग आज याचं काय?

आज परिस्थिती उलटी झालीय. मशीन बिघडलं की दुरुस्तीचा खर्च ऐकून नवंच घेतलेलं परवडतं, असं सांगितलं जातं. बरेच भाग असे बसवलेले असतात की ते उघडताच येत नाहीत. चितेगावच्या व्हिडिओकॉनसारख्या कारखान्याची मशीनं एकेकाळी मराठवाड्यात घरोघरी होती. आता अशा जुन्या मशीनचे भाग शोधायला दुकानं पालथी घालावी लागतात.

त्यामुळंच दुरुस्तीचा हक्क हा विषय जगभर पुढं आलाय. वस्तू विकत घेतली तर ती उघडायचा, तिचे भाग मिळवायचा आणि ती दुरुस्त करायचा हक्कही आपलाच असला पाहिजे, अशी ही मागणी. भारत सरकारनंही २०२२ मध्ये यासाठी एक समिती नेमली होती.

लक्ष्मणरावांच्या काळात असला शब्द नव्हता. पण विलायती यंत्र बिघडलं तर विलायतेकडं बघत बसायचं नाही, एवढी गोष्ट त्यांनी शंभर वर्षांपूर्वी पक्की केली होती.

त्यामुळं माळ्यावरचं जुनं मशीन भंगारवाल्याला देण्याआधी एकदा जाणत्या मेकॅनिकला दाखवा. कदाचित फक्त बेल्ट गेलेला असेल.